किशोरीचा हात

हसायचं तर हसा. पण ज्या हेमांगीमावशीवर हे गुदरलं, ती माझी सख्खी मावशी. थापा मारणं तिच्या स्वभावात नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. तीही भरदुपारची.

मावशी श्रीवर्धनजवळच्या एका गावात शिक्षिका. तिसरीची सहल घेऊन ती समुद्रातल्या किल्ल्यावर गेली होती. ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं. नाहीतर रात्रभर आतच अडकून बसा!

पोरं सांभाळायची तिची एक रीत होती. दोघादोघांची जोडी, हातात हात. ती ओरडायची, "जोडीदार आहे?"

पोरं ओरडायची, "आहे!"

जोड्या लावून एक पोर उरायची. किशोरी. कोळीवाड्यातली, अबोल. ती बाईंचाच हात धरायची.

बुरुजाखाली एक भुयारी वाट आहे. लहानशीच, पण आत मिट्ट काळोख. मावशीच्या एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्यात पाण्याची पिशवी. किशोरीला धरायला हातच मोकळा नव्हता.

"जोडीदार आहे?"

"आहे!"

सगळी म्हणाली. किशोरीसुद्धा...

पलीकडे उन्हात आल्यावर ठमाबाई ओरडली. शाळेत खिचडी शिजवते ना, ती. "बाई, चला लवकर! भरती लागली हाय!"

मावशीनं मागे पाहिलं. जोड्या सगळ्या होत्या.

किशोरी नव्हती.

"ठमाबाई, पोरांना घेऊन तुम्ही निघा!" मावशी म्हणाली आणि एकटीच परत आत पळाली.

किशोरी मधोमध उभी होती. एक हात भिंतीकडे लांबवलेला... मूठ घट्ट मिटलेली.

"चल गं!"

"ती सोडत न्हाय, बाई."

"कोण ती?"

किशोरीनं भिंतीकडे पाहिलं.

मावशीनं तिचा दुसरा हात धरून ओढलं.

पलीकडून कुणीतरी ओढलं.

मोबाईल विझला. पुढे पाहिलं, मागे पाहिलं... दोन्ही तोंडांचा उजेड गेला होता. हात फिरवावा तिथे दगड. पोरांचा गलका नाही. फक्त किशोरीचा श्वास...

आणि तिच्या पलीकडे आणखी एक. लहानसा.

पायाला गार पाणी लागलं. भरती आत शिरत होती. मावशी रडायलाच लागली. ओढते आहे, पण पोर जागची हलत नाही!

आणि काय सुचलं देव जाणे. शाळा सुटताना रोज द्यायची तीच हाक तिनं दिली.

"जोड्या सोडा!"

किशोरी धाडकन तिच्या अंगावर आली. समोर ऊन दिसलं.

दोघी पळत सुटल्या. मागून आवाज आला... "बाई, माझी जोडी?"

मावशीनं वळून पाहिलं नाही. कमरेएवढ्या पाण्यातून किशोरीला खांद्यावर घेऊन तिनं किनारा गाठला.

किशोरी ठणठणीत आहे. यंदा चौथीही मावशीकडेच आहे. केसर नावाची नवी मुलगी आली, त्यामुळे जोड्या पुऱ्या लागतात. कुणी उरत नाही.

मी म्हटलं, "मावशी, ते विचारणं बंद कर."

"आणि परत एखादं पोर मागे राहिलं म्हणजे?"

मग ती विचारतेच. मी तिच्या शाळेत गेलो होतो तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"जोडीदार आहे?"

"आहे!"

आणि मग, जरा उशिरानं, रिकाम्या व्हरांड्यातून...

"न्हाय, बाई."