तिसऱ्या गुरुवारच्या प्रती

जेवताना मोबाइल बघायची नंदकिशोरची खोड रत्नप्रभाबाईंच्या डोक्यात जायची. बहिणीमागे त्याला त्यांनीच वाढवला, तरी पानात काय पडलंय याची शुद्ध नाही! आज मात्र मोबाइल पालथा होता. तो नुसता भात चिवडत होता.

समोर सुलक्षणा, त्यांची लेक, रडून डोळे सुजलेली. दुपारी ऑफिसातून फोन आला होता: उद्या साहेबांसमोर खुलासा कर, नाहीतर राजीनामा आण.

"रडणं नंतर. मला कळेल असं सांग."

रत्नप्रभाबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण पंचवीस वर्षं त्यांनी पोळीभाजी केंद्र चालवलं होतं. कुठलं काम कधी कुणाला द्यायचं, हे त्यांना शिकवावं लागत नसे.

"आम्ही हॉस्पिटलांचे स्कॅन सांभाळतो, आई. ते आधी साकीनाक्याच्या मशीनवर येतात. दर गुरुवारी दुपारी त्या आठवड्याच्या प्रती पवईला आणि बोरीवलीला जातात. एक खोली जळली तरी दोन ठिकाणी शिल्लक."

"आणि परवा जळली."

"हो. मशीन मोजक्याच, म्हणून कामं रांगेत लागतात. गेल्या पाचपैकी चार गुरुवारी कुणीतरी हे काम रांगेतून काढलं. नोंदीत नाव माझं. त्या पाच आठवड्यांतल्या फक्त तिसऱ्या गुरुवारच्या प्रती वाचल्या."

"गुरुवारी दुपारी तू मला डायलिसिसला नेतेस. मग तुझ्या खुर्चीत कोण?"

सुलक्षणाने नंदकिशोरकडे चोरून पाहिलं.

"बोल गं! नोकरी गेल्यावर बोलणारेस?"

"कॉम्प्युटर उघडा ठेवून जायला बंदी आहे. पण मधेच काही अडलं तर... शेजारच्याच टेबलावरच्या नंदूदादाला बसवून यायचे. घरचाच ना."

"मावशी, मी नुसता बसायचो," नंदकिशोर म्हणाला. "कशाला हात लावला नाही."

"तिसऱ्या गुरुवारी?"

"तेव्हाही. दरवेळी मीच."

"खोटं. तू शिमग्याला गावी होतास. पालखीचा नारळ आणून दिलास मला."

सुलक्षणाने मान वर केली. "त्या दिवशी मी ऑफिसातल्या प्रीतमला बसवलं होतं."

"म्हणजे खुर्ची तीच, नाव तेच. बसणारा बदलला, त्याच दिवशी काम पार पडलं. बाकीच्या चार गुरुवारी नंदूकडे कुठलं काम होतं गं?"

"मालिकावाल्यांचे व्हिडिओ, त्याच मशीनवर. मुदतीआधी झाले म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली."

"मशीन तेवढ्याच, आणि ह्याचं काम आधी झालं! जागा कुणाची खाल्ली? आजाऱ्यांची. स्वतःच्या नावाने काढलं असतं तर पकडला गेला असता, म्हणून हिच्या नावाने."

नंदकिशोरचा घास हातातच राहिला. "मागाहून पाठवणार होतो, मावशी. आग लागेल असं कुणाला वाटलं होतं?"

"आग तू लावली नाहीस, कबूल. पण मी तिथे सुया टोचून पडले होते, आणि तू नेमकी तीच वेळ साधलीस. उद्या साहेबांपुढे आधी तू बोलशील. कॉम्प्युटर उघडा टाकल्याची चूक ही सांगेल. आणि आजपासून मला मावशी म्हणायचं नाही. कुणी विचारलंच तर सांग, रत्नप्रभाबाई ओळखीच्या होत्या."