माउस उजवीकडेच राहील

"वीस मिनिटांचं काम आहे, आत्या," असं म्हणून भाचीने रविवारी संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली नवी करून दिली. सोमवारी सकाळी ल्यान शू-चिन चहाचा पेला घेऊन संगणकापुढे बसल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. खालची पट्टी वर जाऊन बसली होती. खिडकी लहान करायचं बटण गायब. आणि पडद्यावरच्या सत्तावीस चिन्हांपैकी एकही जागेवर नाही. नुसता निळा पडदा, पुसलेल्या पाटीसारखा.

ती चिन्हं वेई-रनने मांडली होती. वेई-रन त्यांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी, कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं. संगणक त्याचा, आत शिरायचं नावही त्याचंच. बाईंनी त्याचा पलंग काढून टाकला, कपडे देऊन टाकले, पण त्या पडद्यावरचं एक चिन्ह तसूभर हलवलं नव्हतं. तेवढंच त्याच्या हातचं उरलं होतं.

त्यांनी तैपेईला भाचीला फोन लावला.

"यी-आन, कुणाला विचारून केलंस हे?"

"अगं आत्या, जुनं धोक्याचं झालं होतं. कधीही कुणीही आत शिरलं असतं."

"आणि आता कोण शिरलंय? तूच ना, कार्टे!"

"फायली सगळ्या आहेत गं. फक्त पडद्यावर दिसत नाहीत. नवीन पद्धतच आहे तशी."

"पद्धत गेली खड्ड्यात. मला सगळं होतं तसं हवंय. आणि संगणकावरचं हिरवं पाकीट कुठंय?"

"त्याची तारीख उलटून गेली होती. टाकलं मी."

पाकीट मक्याच्या खाऊचं. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं, म्हणून किलुंगच्या बंदरातल्या क्रेनपासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे लोक ते ठेवतात. यंत्र बिघडत नाही म्हणे. छत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण पाकीट वेई-रनने ठेवलं होतं. त्यांनी फोन आपटला.

बुधवारी माउसने नवं खूळ काढलं. डावं बटण दाबलं की उजव्याचं काम व्हायचं, उजवं दाबलं की डाव्याचं. बाईंनी शोधून काढलं. कुणीतरी डावखुऱ्यांची सोय चालू केली होती. त्यांनी ती बंद केली. गुरुवारी सकाळी ती परत चालू. शुक्रवारीही चालू, आणि माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला. घरात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी राहत नव्हतं.

बाईंनी लिनक्स बनवणाऱ्यांना तक्रार लिहिली. तारीखवार, मुद्देसूद, प्रयोगवहीत लिहावी तशी. उत्तर आलं दोन ओळींचं. 'ही सेटिंग वापरणारा स्वतःच बदलतो. हा दोष नाही. तक्रार बंद.'

"वापरणारी मी आहे, शहाण्यांनो!" त्या पडद्यावर ओरडल्या. चूक ती करायची आणि वर तोंड करून सांगायचं, दोष नाही!

शनिवारी यी-आन गरम बाओ, सारण भरलेले वाफवलेले पाव, घेऊन आली. तिने संगणकातली नोंद काढली आणि ती दोनदा वाचली.

"आत्या, रोज सकाळी सव्वासातला बदललंय. वेई-रनदादाच्या नावाने."

"मग? यंत्रात दुसरं नाव आहेच कुठे?"

"सव्वासातला तू काय करतेस?"

"गच्चीवर व्यायाम. वीस वर्षं तेच करतेय."

"दादा मुळात डावखुरा होता ना?"

"होता. मी सोडवलं ते."

"बाबा सांगतात, जेवताना तू त्याचा डावा हात खुर्चीला बांधायचीस."

"बांधायचे. लाल लोकरीने. पाच वर्षांचा असल्यापासून आठ वर्षांचा होईस्तोवर. शाळेत पट्टी खाल्ली असती ती बरी? गोल टेबलावर शेजारच्याला कोपर लागलं की लोक आईचा उद्धार करतात, पोराचा नाही. आणि सैल बांधायचे मी. दोन बोटं आरामात जायची त्यातून."

"त्याच सुमारास तो अडखळत बोलायला लागला म्हणे."

"तुझ्या बापाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. खा तो बाओ, गार होतोय."

यी-आनने खाल्ला नाही.

रविवारी बाईंनी नवं हिरवं पाकीट आणून संगणकावर ठेवलं. सोमवारी सकाळी त्याचं तोंड भिंतीकडे होतं, आणि माउस डावीकडे.

आता मात्र हद्द झाली. बाईंना भीती वाटली नाही, संताप आला. उद्दामपणा तो उद्दामपणा, मग करणारा कुणीही असो. त्यांनी शिवणाच्या डब्यातून लाल लोकर काढली आणि माउसची तार टेबलाच्या उजव्या खणाच्या मुठीला बांधली. दोन वेढे, वर फास.

"माउस उजवीकडेच राहील," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कळलं?"

हा सूर आपण या घरात फार दिवसांनी लावला, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तो विचार त्यांनी पुढे जाऊ दिला नाही.

मंगळवारी त्या गच्चीवर गेल्या नाहीत. सात वाजता वेई-रनच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या खुर्चीत येऊन बसल्या. बाहेर किलुंगचा रोजचा पाऊस. कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घुमत होतं. सव्वासात झाले. काही हललं नाही. सात वीस झाले.

"जमलं की नाही?" बाई म्हणाल्या.

मग डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा आठ वाजले होते.

पडदा चालू होता. सत्तावीसच्या सत्तावीस चिन्हं आपापल्या जागी होती.

माउस डावीकडे होता. खणाच्या मुठीला लोकर नव्हती.

बाई उजवा हात पुढे करायला गेल्या. हात उठला नाही.

लोकर त्यांच्या मनगटाभोवती होती, मनगट खुर्चीच्या हाताला. दोन वेढे, वर फास. गाठ खालच्या अंगाला घेतलेली, दुसऱ्या हाताला सापडू नये अशी. त्या पूर्वी घ्यायच्या तशीच.

डाव्या हाताचं एक बोट त्यांनी लोकरीखाली घालून पाहिलं.

दोन बोटं राहिली बाजूला, नखसुद्धा शिरेना.