अर्ध्या तासाने बंद पडणारं मोटारघर

"माझ्या गाडीत कुणीतरी मुद्दाम बिघाड करतंय," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तो कोण, हेही मला जवळपास ठाऊक आहे."

समोरच्या बाईंनी नुसतं ऐकून घेतलं. बस डेपोत तीस वर्षं बंद पडलेल्या गाड्यांची कारणं शोधून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता लोक त्यांना खासगी तपासाला बोलावत. हातात कायम विजेचा मीटर, म्हणून सगळे त्यांना मीटरकाकू म्हणत. सोबत त्यांचे यजमान, काका. काकांना इंजिनातलं काही कळत नसे, पण मत मात्र तयार असे.

"ड्रायव्हरच!" काका कुजबुजले.

"आधी ऐकून तर घ्या," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे डिझेलवर चालणारं एक मोटारघर होतं. मध्ये तपासणीची खुर्ची, मागे दोन पलंग. एक त्यांचा, एक सासऱ्यांचा. डोंगरापलीकडच्या दगडखाणीवर पंचेचाळीस माणसं त्यांची वाट पाहत होती. तीनदा निघाल्या, तीनदा अर्ध्या वाटेत इंजिन गुदमरून बंद पडलं. तासभर थांबलं की आपोआप सुरू होई, पुन्हा अर्ध्या तासाने तेच. दर वेळी परतावं लागलं.

"तिथे एका बाईच्या डोळ्यातला दाब फार वाढलाय. औषधाचे थेंब संपले असतील. आज पोचले नाही, तर तिची दृष्टी गेली म्हणून समजा."

"हे कधीपासून?"

"अडीच महिने झाले. त्याआधी मीच आजारी असायचे. सतत मळमळ, डोकं ठणकायचं. मी बरी झाले आणि गाडी आजारी पडली," त्या कसनुसं हसल्या. "ड्रायव्हरला मी दोनदा टाकीशी खुडबुड करताना पाहिलंय. शिवाय त्याने दुसरीकडे नोकरीला अर्ज केलाय."

काकूंनी आधी ड्रायव्हरलाच गाठलं.

"टाकीशी काय करत होता, भाऊ?"

"डिझेल बघत होतो, काकू. पंपाजवळ बंद पडली आणि तिथे डिझेल भरलं, की गाडी लगेच सुरू व्हायची, तास थांबावं लागायचं नाही. वाटलं, डिझेलच कमी पडत असेल. झाकण उघडून काठी घातली, तर टाकी अर्धी भरलेली."

"झाकण उघडताना काही जाणवलं?"

"फुस्स झालं. हातातलं फडकं भोकाकडे ओढलं गेलं."

गॅरेजचे मिस्त्री मात्र ठाम होते. "दोष विजेचा. डिझेल सोडणारा खटका मध्येच बंद पडतोय. मी दोनदा बदलला. फिल्टर बदलला, इंजिनाचा पंपही बदलला."

"जुना पंप खराब निघाला?"

मिस्त्रींनी मान खाजवली. "तसा... चांगला होता."

काकूंनी मीटरच्या तारा खटक्याला जोडल्या आणि गाडी गॅरेजबाहेरच्या रस्त्यावरच फिरवायला लावली. सत्ताविसाव्या मिनिटाला इंजिनाने आचके दिले आणि ते थांबलं. मीटरचा आकडा मात्र बारा व्होल्टच्या खाली आला नव्हता.

"वीज पोचतेय," काकू म्हणाल्या. "खटका निर्दोष."

मग त्या मागे गेल्या. डॉक्टरीणबाईंचे सासरे, निवृत्त सुतार, पलंगावर बसून एका खणाची कड घासत होते.

"दादा, हे सगळं लाकूडकाम तुमचंच?"

"हो. सुनेला फार वाकावं लागू नये, म्हणून."

"तुम्ही याच पलंगावर झोपता?"

"हो. मध्ये एक रात्र तिचा घेतला होता. मग परत दिला."

"परत का दिला?"

म्हाताऱ्याने पॉलिशपेपर खाली ठेवला. "गरज उरली नाही."

काकूंनी सगळ्यांना गाडीशेजारी जमवलं.

"ऐका. तासभर थांबलं की गाडी सुरू होते. पण झाकण उघडलं की तासही लागत नाही. म्हणजे पंपावरच्या डिझेलने गाडी सुरू होत नव्हती, झाकण उघडल्याने होत होती. फडकं आत ओढलं गेलं, याचा अर्थ टाकी हवेसाठी तडफडत होती. डिझेल संपत जातं, तशी त्या जागी हवा यायला हवी. ती आणणारी बारीक नळी बंद झाली, तर टाकी डिझेल सोडतच नाही. थांबल्यावर झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा शिरते, त्याला तास लागतो."

"म्हणजे नळी ड्रायव्हरने बुजवली!" काका म्हणाले.

"बुजवणारा माणूस झाकण उघडून स्वतःच गाडी बरी करेल का, हो? डॉक्टरीणबाई, तुमची मळमळ कधी थांबली?"

"अडीच महिन्यांपूर्वी..." त्या बोलता बोलता थबकल्या.

"टाकी तुमच्या पलंगाखाली आहे. गाडी बांधणाऱ्याने नळीचं तोंड बाहेर काढायचं सोडून तिथेच ठेवलं. तिथून येणारा डिझेलचा वास तुम्हाला आजारी पाडत होता. एका माणसाने एक रात्र तिथे झोपून त्याचा माग काढला. दुसऱ्या दिवसापासून गरज उरली नाही."

काकूंनी आत जाऊन डॉक्टरीणबाईंची गादी उचलली, फळी सरकवली. नळीच्या तोंडात कापड गुंडाळलेली गोल, गुळगुळीत खुंटी बसवलेली होती. त्यांनी ती उपसली. नळीने लांब श्वास आत ओढला. ड्रायव्हरने चावी फिरवताच इंजिन सुरू झालं.

"मीच केलं," सासरे खाली मान घालून म्हणाले. "ही गाडीमागे जाऊन उलटी करायची आणि मला म्हणायची, 'बाबा, जरा पाय मोकळे करून आले.' मला काय ठाऊक, त्या नळीवर इंजिनाचा जीव आहे!"

"मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"सांगितलं असतं, तर तू लपवतेस ते मला कळलंय, हे तुला कळलं असतं."

डॉक्टरीणबाई सासऱ्यांजवळ गेल्या. त्यांनी सासऱ्यांचे हात घट्ट धरून ठेवले. मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या.

"मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"अर्ज केला होता, बाई, ते खरं," तो ओशाळून म्हणाला. "वाटायचं, माझ्याच हाताने गाडी बिघडतेय. माझ्याहून चांगला कुणी मिळाला, तर तुमची माणसं तरी ताटकळणार नाहीत."

दोन माणसांनी आपल्यासाठी एवढा विचार केला आणि आपण मात्र गुन्हेगार शोधत होतो, या जाणिवेने डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले.

मिस्त्रींनी लांब नळी जोडून तिचं तोंड गाडीच्या बाहेर काढलं, घट्ट बांधलं. गाडी निघाली. अर्धा तास उलटला, तासही उलटला. दुपारी दोनला खाण दिसली.

ती बाई दारातच बसून होती. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, थेंब घातले. दृष्टी शाबूत होती. बाईने त्यांचे हात कपाळाला लावले.

"अहो, मला कसला नमस्कार? मला सांभाळून इथवर आणणारे दोघे वेगळेच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दाराकडे वळून हाक मारली, "बाबा, ड्रायव्हरभाऊ, जरा आत या. यांना तुमचे आभार मानायचेत."