चुलीजवळचं पाऊल

त्यांची पहिली भेट पाठीला पाठ लागून झाली. जुन्या वस्तीच्या खोदकामात फोटोआधी जमीन खुरप्यानं खरवडून स्वच्छ करायची, आणि उलटं चालत आपलीच पावलं पुसत बाहेर पडायचं, अशी रीत. गावातल्या कोझुएचा कामावरचा पहिलाच दिवस. इकडून ती उलटी आली, पलीकडून खोदकामाचे फोटो काढणारा तोमोया उलटा आला, आणि धडक!

"डोळे कुठे असतात तुझे?"

"पाठीला नाहीत, एवढं खरं!" ती म्हणाली.

तो हसला... आणि कोझुएचं मन काही थाऱ्यावर राहिलं नाही.

आज शेवटचा दिवस. हजारो वर्षांपूर्वीच्या एका घराची जमीन, मधली दगडांची चूल – एक फोटो, की उद्या सगळं मातीखाली आणि वर रस्ता. तोमोया संध्याकाळच्या गाडीनं उत्तरेतल्या नव्या खोदकामावर जाणार होता. डोंगरावर ढग काळवंडत होते. चुलीभोवतीची माती खरवडताना कोझुएच्या मनात एकच घोळत होतं. आत्ता नाही बोललं, तर कधी?

"तोमोयासान..."

"हं?"

"काही नाही... ढग आलेत."

"ते मलाही दिसतात," तो म्हणाला. त्यालाही काहीतरी बोलायचं होतं, पण घाबरलेल्या पोरीला ते कुठून दिसणार!

"आटपा! पाऊस आला तर सगळा चिखल होईल!" प्रमुख ओकानोसाहेब काठावरून ओरडले. तोमोया कॅमेरा घेऊन शिडीवर चढला. कोझुए पावलं पुसत शेवटी बाहेर आली.

"कोझुए, चुलीजवळ तुझं एक पाऊल राहिलंय," तो वरून म्हणाला.

"राहिलं नाही." ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "ठेवलंय... ते पुसलं, तर मी इथं तुमच्या शेजारी होते, हे तुमच्या तरी लक्षात राहील का?"

"हा काय पोरखेळ!" साहेब कडाडले. कोझुएचे कान तापले. आता ही जमीन आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तोमोया खाली उतरला, आणि त्या लख्ख जमिनीवरून सरळ चालत गेला! साहेबांनी डोक्याला हात लावला. त्यानं तिच्या पावलाशेजारी आपलं पाऊल उमटवलं.

"तिकडे माणसं कमी आहेत," तो म्हणाला. "रोज विचारायचं ठरवतो, रोज धीर सुटतो... थंडी फार असते तिथं. येशील? मला तू आवडतेस, कोझुए."

"आधी हे पुसू या. साहेब मारतील," ती रडता रडता हसली. "...येईन."

दोघं खांद्याला खांदा लावून, उलटं चालत, पावलं पुसत बाहेर आले. फोटो निघाला आणि पहिला थेंब पडला.

त्या फोटोत पाऊल एकही नाही. चुलीजवळची माती मात्र जरा जास्तच खरवडलेली दिसते. ती पाहिली की कोझुए अजून लाजते.