नोंदवही एक्केचाळीस, पान एकशे बारा

सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर स्थानिक इतिहासाचं दालन होतं आणि दालनात पुरावेसाहेब होते. कुणीही काहीही सांगितलं की ते चष्मा वर करून "पुरावा?" असं विचारत, म्हणून वाचकांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. बायकोने एकदा डोकं दुखतंय म्हटलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि पुढे दोन दिवस त्यांचं डोकं दुखत होतं.

दर शनिवारी सकाळी अकराला तिथे 'आपलं कूळ शोधा' हा कार्यक्रम चाले. लोक जुनी पत्रं, शाळेचे दाखले, आजोबांचे फोटो पिशवीतून आणत आणि छापील तक्त्यातले चौकोन भरत. तळाशी आपण, वर आईवडील, त्यांच्यावर त्यांचे. एकतीस वर्षांत पुरावेसाहेबांनी एकही खोटा चौकोन भरू दिला नव्हता. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि घरी न्यायला त्यांच्याकडे एवढी एकच कमाई होती.

आडव्या आल्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंच्या तक्त्यात पणजोबांचा चौकोन रिकामा होता. शाळा बुडवणाऱ्या पोराच्या बाकाकडे बघावं तशा त्या चौदा शनिवार त्या चौकोनाकडे बघत होत्या. पुढच्या आठवड्यात तक्त्यांचं प्रदर्शन होतं, आणि अर्धवट तक्ता भिंतीवर लागणार नाही असं मुख्य ग्रंथपालांचं फर्मान होतं. पंधराव्या शनिवारी बाईंनी नुसता रुमाल काढला. अख्खी शाळा जिला टरकायची तिने रुमाल काढावा, हे काही पुरावेसाहेबांना झेपलं नाही.

त्यांनी एक पणजोबा रचला. घड्याळं दुरुस्त करणारा, डावखुरा, एका कानाने बहिरा. नावही दिलं, ते इथे लिहीत नाही, एकदा लिहून जे झालं तेवढं पुरे. पुराव्याच्या रकान्यात ठोकून दिलं: नोंदवही एक्केचाळीस, पान एकशे बारा. ती वही एकशे दहा पानांत संपते, हे त्यांच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी एक नळदुरुस्तीवाला त्या तक्त्यापुढे थबकला. हे तर आमचे पणजोबा, म्हणाला. पुरावेसाहेबांनी सवयीने पुरावा मागितला. त्याने खिशातून पत्र काढलं. कागद पिवळा पडलेला, आणि डाव्या हाताने लिहिताना पसरते तशी शाई पसरलेली. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडे पणजोबांनी दुरुस्त केलेलं घड्याळ होतं. चालू.

पुरावेसाहेबांनी दार लावून घेतलं, एक्केचाळीस नंबरची वही काढली आणि पानं मोजली. एकशे बारा भरली. पाणी पिऊन पुन्हा मोजली. पानांना पाणी मानवलं नाही. ती एकशे बाराच राहिली.

महिनाभरात त्या माणसाचे बावीस वंशज गोळा झाले. शनिवारी खुर्च्या पुरेनात. कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारी माणसं "अहो काका", "ऐक ना गं आत्या" करू लागली. पणजोबांचा बहिरा कान कोणता, यावरून दोन चुलतभावांनी अबोलाही धरला, म्हणजे कुटुंब खरंच होतं. पुरावेसाहेब टेबलामागे, भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखे बसून राहत.

शेवटी त्यांना राहवेना. निवृत्तीच्या आठ दिवस आधी त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. असा माणूस झालाच नाही. मी रचला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा वर केला.

"पुरावा?"

तो त्यांच्याकडे नव्हता.

शेवटच्या शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना दारात एक म्हातारा आला. बावीस जणांनी वाट करून दिली; नवल कुणालाच वाटलेलं दिसलं नाही.

तो टेबलाशी येऊन बसला. पुरावेसाहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पण नजर ठरेना. नाक पाहून डोळ्यांकडे जावं तोवर नाक विसरायला होई. चेहऱ्याबद्दल काही लिहायचं राहूनच गेलं होतं.

त्याने कोरा तक्ता मागून घेतला. डाव्या हाताने तळाला आपलं नाव घातलं आणि वरच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"वडिलांचं सापडत नाही."

पुरावेसाहेबांनी खाली बघत सांगून टाकलं, की ते सापडणार नाही, तुम्हाला वडील नव्हतेच, इथेच एका शनिवारी एका माणसाने तुम्हाला... म्हाताऱ्याने कानाला हात लावला. कोणता कान ते बघायला दोन्ही चुलतभाऊ पुढे वाकले.

"काय म्हणालात?"

पुरावेसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

म्हातारा मग स्वतःच वरच्या चौकोनात सावकाश लिहू लागला. पुरावेसाहेबांना अक्षरं उलटी दिसत होती, पण आयुष्यभर नोंदी वाचणाऱ्याला उलटंही वाचता येतं.

नाव त्यांचंच होतं.

मागे खुर्च्या सरकल्या. बावीस जण आपापले तक्ते घेऊन रांगेत उभे राहत होते. प्रत्येकाला वर एक चौकोन वाढवून हवा होता.

"बाबा," म्हातारा हळूच म्हणाला.

पुरावेसाहेबांना उभ्या जन्मात कुणी अशी हाक मारली नव्हती. हे खोटं आहे, एवढंच सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ओ दिली.