अर्ध्यावर सोडलेलं वाक्य

"बाई, एवढं सगळं सुचतं तरी कसं तुम्हाला?" असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते. रहस्यकथा लिहिल्या, चरित्रं लिहिली, मधमाश्या पाळायच्या कशा ते लिहिलं, गळके नळ घरच्या घरी दुरुस्त कसे करायचे तेही लिहिलं. आम्हाला मूलबाळ नाही, पण माझं 'बाळाचं पहिलं वर्ष' अजून आया उशाशी घेऊन झोपतात. आमच्या प्रकाशकांना आम्ही घरात घाईकाका म्हणतो. फोनवर नमस्कार म्हणायच्या आधी ते "कुठवर आलंय?" असं विचारतात. रागावू नये त्यांच्यावर. त्यांच्या घाईवर आमचं घर उभं राहिलं.

टाइपरायटर जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी असतो. माझा हात हलका. चष्म्याचं दुकान बंद करून हे घरी बसले तेव्हापासून रोज एकदा तरी म्हणायचे, "टाइप करतेस की त्याला गोंजारतेस गं?" पलीकडच्या ओट्यावर चहा टाकणं हे यांचं काम. आम्हा दोघांचे चहाचे मग टवके उडालेले, आणि काचेच्या कपाटात निळ्या काठाचे कप. ते फक्त पाहुण्यांसाठी. घरच्या माणसानं हात लावला की हे ओरडलेच.

माझी काम करायची एक रीत आहे. संध्याकाळी उठताना शेवटचं वाक्य पूर्ण करायचं नाही. अर्ध्यावर सोडायचं आणि कागद तसाच मशीनवर ठेवायचा. सकाळी ते वाक्य हात धरून पुढे नेतं, कोऱ्या कागदासमोर बसून डोकं खाजवावं लागत नाही. नव्या लेखकांनाही मी हेच सांगत आले. आता सांगणार नाही.

पहिल्यांदा घडलं ते एका रहस्यकथेच्या वेळी. 'इन्स्पेक्टरांनी कपाट उघडलं तर आत' एवढं लिहून मी उठले होते. आत प्रेत निघणार होतं, दुसरं काय निघणार! सकाळी पाहते तर पुढे लिहिलेलं, 'एक ओला कोट टांगलेला होता.' अक्षरं माझ्याच मशीनची, पण इतकी जोरात उमटवलेली की कागदाच्या पाठीमागून बोटाला लागत होती.

"हा तुमचाच चावटपणा ना?" मी यांना विचारलं.

"मला त्यातलं एक बटण तरी सापडतं का?" हे म्हणाले. ते खरंच होतं.

कोट मी ठेवला. प्रेतापेक्षा तो कितीतरी बरा होता. ती कादंबरी इतकी चालली की घाईकाका पेढे घेऊन... छे, पेढे कसले, ते स्वतःच नाचत आले घरी.

मग ते अधूनमधून होऊ लागलं. नळाच्या पुस्तकात 'वॉशर झिजला असेल आणि दुसरा हाताशी नसेल तर' असं मी सोडलं. सकाळी पुढे होतं, 'तोच उलटा करून बसवा.' मी बसवला. न्हाणीघरातला नळ गळायचा थांबला. माझी भीड चेपली ती तिथे. हे जे कुणी होतं त्याला मी मनातल्या मनात भागीदार म्हणू लागले. भागीदारानं स्वतःहून कधी वाक्य सुरू केलं नाही आणि मी पूर्ण केलेल्याला कधी हात लावला नाही. मी अर्धं ठेवलं तरच. एवढं सभ्य माणूस जिवंतांत मिळत नाही, असं मी तेव्हा म्हणायचे.

पूल बांधणाऱ्या एका इंजिनिअरचं चरित्र छापून आलं तेव्हा त्यांची मुलगी घरी आली. यांनी निळा कप काढला. तिनं चहाला तोंडही लावलं नाही.

"पूल झाला त्या संध्याकाळी बाबा खाली वाळूत बसून रडले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

'वाळूत बसून रडले' हे माझं नव्हतं.

"का? खोटं आहे का?" मी विचारलं.

"खरं आहे. मी एकटीच होते त्यांच्याबरोबर. मी आजवर कुणाकडेच बोलले नाही." मग ती माझे हात धरून रडली आणि आभार मानून गेली. मी मात्र तिचा गार झालेला चहा ओतून दिला आणि ते पान काढून पुन्हा वाचलं. ते पुस्तकही छान चाललं.

गेल्या हिवाळ्यात यांच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं, पण शुद्ध नीट येईना. डॉक्टर "बघू या" म्हणायचे आणि माझ्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचे. माझं दुसरं आहे कोण? ढीगभर पुस्तकं लिहिली, पण सकाळी उठून ज्याच्याशी भांडायचं ते माणूस एकच.

कपडे न्यायला मी दुपारी घरी आले आणि उभ्या उभ्याच कागद चढवला. 'शनिवारी हे घरी आले आणि' एवढं टाइप केलं. कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली आणि परत हॉस्पिटलात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं. 'चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरले.'

शनिवारी हे घरी आले. मी चहा दिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर संपलीय का घरातली?"

मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडले.

"अगं, साखर घाल म्हटलं, रडतेस काय?"

त्या संध्याकाळी हे झोपल्यावर मी मशीनपाशी बसले. आयुष्यभराचे आभार एकदम मानायचे होते. नळाचे, कोटाचे, या माणसाचे. मनापासून लिहिलं, 'तुमचे उपकार मी कशानं फेडू? तुम्ही म्हणाल ते करीन. तुमच्यासाठी मी' आणि डोळे भरून आले, पुढे सुचेना. उठले. रोजची सवय, कागद तसाच राहिला.

अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. धावत जाऊन पूर्णविराम देता आला असता. पण शेजारी यांचा श्वास संथ चालला होता, आणि ज्यानं तो परत दिला त्याचं तोंड बंद करायचं? माझ्यानं झालं नाही.

सकाळी वाक्य पूर्ण होतं. 'तुमच्यासाठी मी जागा करून देते.'

भागीदारानं लिहिलेलं आजवर एकही वाक्य खोटं ठरलेलं नाही.

बरेच दिवस काहीच झालं नाही. हे फिरायला जाऊ लागले, पुन्हा चहा टाकू लागले. मी यांच्या पाठीकडे बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, काय मागायचं ते मागा, माझं सोनं झालंय.

आज सकाळी हे सगळं लिहून काढायला बसले. कुणाचे तरी आभार राहून जायला नकोत.

"अगं, केवढ्यानं बडवतेयस आज!" ओट्यापाशी पाठमोरे उभे राहून हे ओरडले. "शेजारी भांडायला येतील."

मी तर नेहमीसारखीच टाइप करत होते. कागद काढला आणि पाठीमागून बोट फिरवलं.

प्रत्येक अक्षर बोटाला लागलं.

हे चहा गाळायचे थांबले. मागे वळले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावर भीती नव्हती, तशी ओळखही नव्हती. फक्त थोडा संकोच होता.

"बसा ना, बसा," हे म्हणाले. "ही आत्ता इथेच होती. येईलच एवढ्यात."

मग कपाट उघडून त्यांनी माझ्यासाठी निळ्या काठाचा कप काढला.