निळीची खोली

बाई गं, चुन्याच्या रंगाचं असं असतं, ओला असतो तेव्हा एक दिसतो, वाळला की दुसराच. म्हणून शेवंतीनं भिवा रंगाऱ्याला आधी दोन पट्टे ओढून दाखवायला सांगितलं. एक निळीचा, एक पिवळ्या पिवडीचा. निळीची पुडी तिनं स्वतः कल्याणच्या बाजारातून आणलेली. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात तसल्या भिंती आहेत, असं तिच्या कानावर आलेलं.

घर तिच्या नवऱ्याच्या, परशुरामच्या आजाच्या वेळचं. पाट-तांब्यापासून तुळशीपर्यंत सगळं त्याच्या पहिल्या बायकोच्या, कलावतीच्या हातचं. ती वारली, मग शेवंती आली. आपल्यात बांधतात तसा मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधून आली. मेलेलीचा मान राहावा, तिनं छळू नये म्हणून. नवं लुगडं असो, बांगडी असो, आधी टाकाला दाखवायची, मग अंगाला लावायची. रंग तेवढा तिनं दाखवला नाही. भिंत काय नेसायची आहे, म्हणाली. एवढी एक खोली तरी माझी असू दे.

पट्टे वाळले, निळा तिच्या मनात बसला. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती टिटवाळ्याला देवाला गेली. परतते तर अख्खी खोली पिवळी.

भिवा बिचारा तोंडाकडेच बघत राहिला. "वैनी, सकाळी तुम्हीच तर सांगितलंत... तुळशीपाशी उभ्या होतात."

परशुराम हसला. त्यानंही ऐकलेलं म्हणे. वर म्हणाला, तुझं डोकं हल्ली थाऱ्यावर नसतं. शेवंतीलाही वाटायला लागलं, असेल, आपणच बोललो असू. पिवळा तसा वाईट नव्हता. पण आपल्याला कधीपासून आवडायला लागला, ते काही आठवेना.

रात्रभर कुशी बदलल्या. सकाळी उठून तिनं गळ्यातला टाक सोडला, देवघरातल्या डबीत ठेवला, वर झाकण घट्ट लावलं. भिवाला पिवडी खरवडायला लावली आणि निळीचा शेवटचा हात फिरेपर्यंत खोलीच्या दारातून हलली नाही. पाण्यालासुद्धा उठली नाही.

दुपारी भिंती वाळल्या. आभाळासारखा निवळ निळा. शेवंतीला हसू आवरेना.

परशुराम परसातून आत आला, खोलीभर नजर फिरवली. "छान झालंय. मग आत्ता विहिरीवर का कुरकुरत होतीस, निळा नको म्हणून?"

"मी... विहिरीवर?"

"आणि टाक उजळून आणलास वाटतं. उन्हात काय चमकत होता गळ्यात."

शेवंतीचा हात गळ्याकडे गेला. गळा मोकळा. ती तशीच देवघरात धावली. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा कलावतीचा टाक आत होता, ठेवला तसाच, काळा पडलेला.

मग विहिरीवर होती, तिच्या गळ्यात कोणाचा टाक होता गं?